मागचा पट्टा

१

चिमीला गाडी हवी होती ती बाबांसाठी.

बाबांची सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. घड्याळ कानाशी धरायचं आणि त्याचं दुखणं ओळखायचं, अशी त्यांची ख्याती होती. मग कान हळूहळू गेले. कानांमागोमाग दुकान गेलं, मित्र गेले आणि शेवटी बोलणंही गेलं. बसमध्ये सगळे आवाज एकदम अंगावर येतात म्हणून त्यांनी बस सोडली, आणि बस सुटली तशी बाहेरची वाटच सुटली. आई होती तोवर ती त्यांना दंडाला धरून बाहेर काढायची. आई गेल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच.

आणि चिमीचं काम काय, तर लोकांचे कान तपासणं. कानांच्या दवाखान्यात एक बंद खोली होती. भिंतींना जाड स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं घट्ट, मध्ये एक काच. पेशंटला आतल्या बाकावर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा." मग काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. पेशंटने बटण दाबलं की तिच्या टेबलावर दिवा लागायचा. दाराची आतली मूठ कधीचीच निखळली होती, त्यामुळे तपासणी झाली की चिमीच बाहेरून दार उघडायची. बाबांनाही तिने ऐकायचं चांगलं यंत्र बसवलं होतं. पण यंत्र असून काय करता, ऐकायला समोर कुणी बोलणारं लागतं. जगाचे कान दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या घरात बाप मुका होऊन बसलाय, हे तिला फार लागायचं.

म्हणून गाडी. नवी गाडी तिच्या आवाक्याबाहेरची होती, तेव्हा जुनी बघायची ठरली. आणि जुनी बघायची म्हणजे मामाला बरोबर नेणं आलं, कारण मामाला गाड्यांतलं सगळं कळतं, असं मामाचं म्हणणं होतं.

विक्रेत्याने गाड्यांच्या आत इतकं सुगंधी पाणी मारलं होतं की चिमीने मनातल्या मनात त्याचं नाव अत्तरवाले ठेवलं. मामाने टायरला लाथ मारली, खिशातून लोहचुंबक काढून दारांवर फिरवलं, बॉनेट उघडून "हं" म्हटलं, बंद करून पुन्हा "हं" म्हटलं.

"आता खरी मेख," तो म्हणाला. "पट्टा ओढायचा. थेट शेवटपर्यंत. पाण्यात बुडालेली गाडी धुतात, पुसतात, रंगवतात, पण पट्ट्याची शेपटी आत गुंडाळलेली असते. तिथं डाग राहतो. पाणी कुठवर चढलं होतं, ते पट्टा सांगतो."

पुढचे दोन्ही पट्टे स्वच्छ निघाले. जरा जास्तच स्वच्छ, अगदी कोरे.

"बदलून घेतलेत, मॅडम. सेफ्टी आहे," अत्तरवाले म्हणाले.

मागच्या सीटला नवंकोरं कव्हर होतं, घट्ट शिवलेलं, आणि पट्टे त्याखाली दडपलेले. चिमी म्हणाली, "आणि मागचे?"

मामा हसला. "मागचे पट्टे कोण लावतं गं? आपल्या सात पिढ्यांत कुणी लावलाय?"

अत्तरवालेही हसले. चिमीने कव्हरच्या शिवणीत बोट घातलं होतं. आत पट्ट्याची कड लागली. गार होती. तिला कव्हर उसवून बघायचं होतं, पण दोन मोठी माणसं हसत असताना आपणच एकटीने शहाणपणा कशाला करा, असं वाटून तिने बोट काढून घेतलं.

बोट ओलं होतं. तिने ते ओढणीला पुसलं आणि विसरून गेली.

२

पहिल्या रविवारी बाबांना तिने जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. पुढे बसायला ते तयार नव्हते, इंजिनाजवळ यंत्र शिट्टी मारतं म्हणे. मागे बसले. चिमी गाडी चालवायला नवीन, त्यामुळे जीव मुठीत धरून रस्त्याकडे बघत होती. तळ्याला एक फेरी मारून ती दोघं परत आली. बाबा चकार शब्द बोलले नाहीत, पण खिडकीबाहेर बघत होते. चिमीला तेवढंही पुष्कळ होतं.

पुढच्या खेपेला सिग्नलपाशी मागून आवाज आला, "काय म्हणालीस?"

चिमी मागे वळली. "मी? काही नाही, बाबा."

"बरं," असं म्हणून ते दाराकडे सरकले.

चिमीने आरशात पाहिलं. सीट मोठी, ऐसपैस. बाबा मात्र एका कोपऱ्यात, गुडघे जुळवून, खांदा आखडून बसले होते. भरलेल्या बसमध्ये सीटवर तिसरा येऊन बसला की माणूस बसतो तसे.

ती पुन्हा मागे वळली. "नीट बसा ना, बाबा. एवढी जागा आहे."

"असू दे. अडचण नको," बाबा म्हणाले.

तिने घरी आल्यावर यंत्राचा आवाज थोडा कमी केला. बंद गाडीत काचांवरून आवाज परततो, यंत्र घुमतं, म्हाताऱ्या माणसाला कुणी बोलल्याचा भास होतो. असे पेशंट तिने खंडीभर पाहिले होते. स्वतःची समजूत तिने चांगली घातली.

३

आणि मग बाबा बोलायला लागले.

आधी एखाददुसरं वाक्य. मग दुकानाच्या आठवणी, कुठल्याशा नवरदेवाने भर मांडवातून घड्याळ दुरुस्तीला कसं पाठवलं होतं ती गंमत, आई लग्न होऊन आली तेव्हा दुकानात बसून घड्याळांना कशी दचकायची ते. गाडी चालवताना चिमीचे डोळे भरून यायचे. खुर्चीतला तो दगड पुन्हा माणूस झाला होता. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की बाबा बूट घालून तयार असायचे. "निघायचं?" डोळ्यांत अशी चमक, की नाही म्हणवायचं नाही.

घरात मात्र ते पूर्वीसारखेच गप्प असत. जेवताना तिने काही विचारलं की "हं" आणि "नाही". बोलणं फक्त गाडीत.

चिमी पुढून "हो का?", "मग?" करत राही. एकदा चौकात एक ट्रक आडवा आला. ती घाबरली, तिचं लक्ष उडालं आणि हुंकार द्यायचे राहून गेले. मागची गोष्ट थांबली नाही. बाबा बोलले, थांबले, हसले, "छे, तसं नव्हे," म्हणाले आणि पुन्हा बोलू लागले.

पुढचा सगळा रस्ता ती मुद्दाम गप्प राहिली. बाबा बोलत होते, थांबत होते, ऐकत होते. आणि ज्या क्षणी ते ऐकत होते त्या क्षणी गाडीत इंजिनाखेरीज कसलाही आवाज नव्हता.

आता तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, कारण तो तिचा धंदाच होता. पाठमोऱ्या माणसाचं बोलणं बाबांना यंत्र लावूनही कळत नसे. ओठ दिसावे लागत. म्हणजे इतके दिवस त्यांना तिचे "हो का?" ऐकूच येत नव्हते. त्यांना दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं, तेही कुजबुजण्याएवढं हळू.

तिने रेडिओ लावला.

"बंद कर गं," बाबा मागून म्हणाले. "नीट ऐकू येत नाही."

४

चिमी शिकलेली मुलगी होती. भुताखेतांच्या गोष्टींना ती हसायची. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना बंद खोलीत बसवून सगळी तपासणी केली. कान होते तसेच वाईट. बाबा बाकाच्या मधोमध मांड्या पसरून मजेत बसले होते.

मग राहिलं यंत्र. यंत्र तपासायला तिच्याकडे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी नळी होती. एक टोक यंत्राला जोडायचं, दुसरी दोन आपल्या कानांत घालायची, की यंत्राला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. टेबलाशी सगळं ठीक होतं. बाबांना बाहेरच्या खोलीत चहा देऊन ती यंत्र घेऊन गाडीत गेली आणि मागच्या सीटवर, बाबांच्या जागी बसली. दार लावून घेतलं.

भर दुपार होती. दवाखान्याचा शिपाई पलीकडे सायकल पुसत होता. नळीतून तिला त्याच्या फडक्याचा आवाज आला, दूरचा हॉर्न आला, स्वतःच्या बाहीची खसखस आली. सगळं जिथल्या तिथे. तिला हसू आलं.

मग अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला.

लहान, वरवरचा, घाईचा. हनुवटी उंच धरून, जेवढी मिळेल तेवढी हवा ओढावी तसा. आपलाच असेल म्हणून चिमीने श्वास रोखला. तो चालूच राहिला. खाली सीटचं कापड करकरलं. आणि मग आवाज आला. ओला, दमलेला आणि अतिशय नम्र.

"जरा सरकता का?"

चिमी सरकली. काही विचार करायच्या आत तिचं अंग आपोआप दाराला जाऊन चिकटलं होतं.

५

सीटकव्हर शिवणारा आपल्या टपरीत बसून दिवसभर गाड्यांचे कपडे शिवायचा. चिमीने त्याला मागचं कव्हर काढायला सांगितलं. तो म्हणाला, "नवं तर आहे ताई." ती म्हणाली, "काढा." तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण पुढे त्याने काही विचारलं नाही.

बाबांच्या बाजूचा पट्टा निघाला. त्याने तो शेवटपर्यंत ओढला तशी वाळलेल्या गाळाची भुकटी त्याच्या मांडीवर सांडली. पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. त्याने स्वतः बसून पट्टा छातीवरून घेतला आणि बघितलं. रेघ त्याच्या खांद्याशी आली.

"पाण्यात गेलेली गाडी आहे. इथवर होतं पाणी."

दुसऱ्या बाजूचा पट्टा ओढायची गरज पडली नाही. तो लावलेलाच होता. रिकाम्या सीटवरून आडवा, ताणून बसवलेला, त्याच्यावरूनच कव्हर शिवून टाकलेलं. शिवणाऱ्याने पट्ट्याचा खटका दाबला, मग अंगठ्याने जोर केला, मग पेचकस घातला.

"गंजलाय. कापावा लागेल. कापू?"

चिमीने मान डोलावली. त्याने सुरी घेतली, डाव्या हाताने पट्टा धरला आणि तसाच थांबला. बराच वेळ. मग हात काढून त्याने तो पँटला पुसला, उलटा करून पुसला, सुरी मिटली.

"मला नाही जमणार, ताई."

"अहो, पण झालं काय?"

"पैसे नकोत. गाडी घेऊन जा."

तिने तिथूनच अत्तरवाल्यांना फोन लावला. गाडी आधी कुणाची होती, असं विचारलं. लिलावातून आली, कागद स्वच्छ आहेत, तुमच्या मामांनी सगळं बघूनच घेतलीय, असं ते म्हणत होते. मध्येच थांबले.

"मॅडम, मागचं कव्हर काढलंत का?"

"हो."

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मामाला सांगितलं तर मामा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, पट्टे ओढून बघ." त्याच्यावर चिडायलाही तिच्यात त्राण नव्हतं. मागे न बघता तिने गाडी घरी आणली आणि भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. तिची सगळी शिल्लक त्या गाडीत गेली होती. जाऊ दे म्हणाली.

बाबा बूट घालून उभे होते.

तिने त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "बाबा, गाडी खराब निघाली. उद्या ती जाणार. आपण दुसरं काहीतरी बघू."

"आणि त्याला तिथे एकट्याला ठेवायचं?"

"कुणाला, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू इतका वेडा प्रश्न त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मग कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या घरात बोलणं संपलं की असंच संपायचं.

६

दुसऱ्या दिवशी भंगारवाला येण्याआधी चिमी दवाखान्यातून घरी आली. खुर्ची रिकामी होती. यंत्र टेबलावर होतं. किल्ली तिने पिठाच्या डब्यामागे लपवली होती. डबा सरकवलेला होता.

ती जिने उतरून धावली. खाली उन्हाचा रखरखाट होता आणि गाडी उन्हात उभी होती. सगळ्या गाड्यांच्या काचा चकाकत होत्या, हिच्या मात्र आतून पांढऱ्या झाल्या होत्या. काचेच्या आतल्या बाजूने ओघळ खाली येत होते.

दाराला लॉक नव्हतं, तरी ते उघडेना. आतून कसलातरी भार होता. पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते एकदम सुटलं. ती आपसूक मागे सरली, लोंढा अंगावर येणार म्हणून. काहीच आलं नाही. सीट कोरडी होती.

बाबा आपल्या कोपऱ्यात होते. छातीवर पट्टा. हनुवटी छताकडे, मान ताणलेली, डोळे सताड उघडे. लहान, वरवरचे, घाईचे श्वास घेत होते. त्यांच्या सदऱ्यावर गळ्याशी तपकिरी रेघ होती. रेघेच्या वर कालची इस्त्री जशीच्या तशी, खाली सगळं चिंब.

"बाबा!"

खटका दबेना. तिने बोटं सोलून घेतली. मग पिशवीतली कात्री आठवली. यंत्रांच्या नळ्या कापायची, बोटभर लांबीची. धागा धागा करत पट्टा कापताना ती आईला हाका मारत होती, हे तिला नंतर आठवलं. पट्टा तुटला. तिने बाबांना काखांत हात घालून बाहेर ओढलं. ते फरशीवर पालथे झाले, खोकले, आणि तोंडातून गढूळ पाणी पडलं. तापलेल्या फरशीवर ते बघता बघता वाळलं.

बाबा जिवंत होते. चिमीने त्यांना घट्ट धरलं आणि रडू लागली.

बाबांनी तिला दूर केलं. कानात यंत्र नव्हतं, म्हणून ते मोठ्याने बोलले, "माझाच कापलास?"

"बाबा, चला वर."

"अगं, त्याचा राहिला!"

चिमीने नको असताना वळून पाहिलं. पलीकडचा पट्टा रिकाम्या सीटवरून आडवा होता. तो वरखाली होत होता. भरभर. तिच्या बघण्यासरशी तो थांबला. मग हळूहळू पुढे ताणला गेला, उघड्या दाराच्या दिशेने, मध्ये फुगून, इतका की त्याची कड सीटपासून पार सुटली. कुणीतरी तिच्याकडे वाकत होतं.

कात्री तिच्याच हातात होती.

"चिमे, लवकर," बाबा रडवेले होऊन म्हणाले. "पाणी चढतंय."

तिने दोन्ही हातांनी दार लोटलं. अंगाचा सगळा भार टाकून लावलं, आणि भंगारवाल्याची क्रेन येईपर्यंत पाठ टेकून तिथेच उभी राहिली. पाठीमागे काय चाललं होतं, हे तिने कुणालाच कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती कुठल्याही दाराला पाठ टेकत नाही.

७

गाडी गेली. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. बाबा पुन्हा खिडकीशी बसू लागले. यंत्र लावायला देत नव्हते आणि चिमीकडे बघतही नव्हते. लेकीवर रागावलेला बाप तिने आधी पाहिला होता. हा राग नव्हता. त्यांना तिची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचीही वाटत होती.

शेवटी खूप विनवण्या करून ती त्यांना टॅक्सीने दवाखान्यात घेऊन आली. निदान कान तरी बघू, म्हणाली. बाबा मुकाट्याने बंद खोलीत गेले. तिने हेडफोन चढवले, बटण हातात दिलं, ओठ दाखवत म्हटलं, "आवाज आला की दाबा." दार लावून ती टेबलाशी आली.

दिवा लागलेला होता.

तिने अजून तपासणीच्या यंत्राला हातही लावला नव्हता. दिवा विझला, लागला, विझला. वायर सैल असेल, असं ती स्वतःला म्हणाली. तिने वायर घट्ट बसवली. दिवा लागला, विझला, लागला. लहान, वरवरचा, घाईचा.

तिने काचेतून पाहिलं. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बटण बाकाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाबा बाकाच्या अगदी कडेला, गुडघे जुळवून, खांदा आखडून बसले होते आणि कित्येक दिवसांनी सरळ तिच्याकडे बघत होते. काचेच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, पांढरी वाफ धरू लागली होती. बघता बघता ती बोटभर वर आली.

बाबांनी हळूच हनुवटी उचलली.

दाराला आतून मूठ नव्हती. चिमी उठली. या वेळी तिने आधी कात्री उचलली, आणि मग दार उघडलं.